लाईट गेली की एसडी कार्ड जातं, बागेतल्या रास्पबेरी पायवर सगळी सिस्टीम रॅममधून चालवता येईल का?

वेलमांडव (तासगाव)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही. आमची दीड एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मोटारीच्या खोलीत एक रास्पबेरी पाय ३ बी (तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड) बसवलाय, १ जीबी रॅमवाला, त्याला तापमान-आर्द्रतेचा बीएमई२८० सेन्सर, पान ओलं का कोरडं ते सांगणारी पट्टी आणि पाऊस मोजायचं ते डोलणारं भांडं जोडलंय. पायथनची छोटी स्क्रिप्ट दर १० सेकंदाला सगळे आकडे वाचते, एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसच्या फाईलमध्ये टाकते आणि फोर-जी डोंगलवरून मला नि भावाला मोबाईलवर मेसेज येतो. सिस्टीम रास्पबेरी पायची नेहमीचीच आहे, लाईट व्हर्जन, डेस्कटॉप नाही.

अडचण कार्डाची आहे. दीड वर्षात तिसरं कार्ड गेलं. आमच्याकडं लाईटचं काय असतं ते शेतीवाल्यांना सांगायला नको, थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, आणि मधे दहा वेळा जायचं-यायचं. पहिलं कार्ड गेलं तेव्हा म्हटलं असेल कार्ड हलकं, दुसरं महागातलं आणलं, ते सात महिने चाललं. तिसरं गेलं ते नेमकं फळछाटणीनंतर, बाग पोंगा अवस्थेत (नवे कोंब फुटताना), रात्री पाऊस झालेला, आणि सकाळी मोबाईलवर काहीच नाही. पान किती तास ओलं राहिलं ते कळल्याशिवाय डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी घ्यायची का नाही ते कसं ठरवणार? शेवटी अंदाजानं फवारलं. औषधाचे पैसे गेले ते गेले, पण ज्या रात्रीसाठी हा सगळा खटाटोप केला त्याच रात्रीचे आकडे नाहीत याचं फार वाईट वाटलं.

अजून एक विचित्र गोष्ट. ते कार्ड घरी आणून लॅपटॉपला लावलं, फायली सगळ्या दिसतायत, उघडतायत. एक जुनी लॉग फाईल डिलीट केली, गेली. कार्ड काढून परत लावलं तर फाईल तिथंच. परत डिलीट केली, परत आली. फॉरमॅट मारला, फॉरमॅट झालं म्हणाला, काढून लावलं तर सगळं जसंच्या तसं. हा काय प्रकार आहे?

आणि मूळ प्रश्न असा की चांगलं कार्ड कुठलं घेऊ, का कार्डाचा नादच सोडून एखादी हलकी सिस्टीम घ्यावी जी चालू होताना कार्डावरून रॅममध्ये चढते आणि नंतर कार्डाला हातच लावत नाही? अल्पाईन असं करते असं ऐकलंय. मी प्रोग्रामर नाही, पण कमांड लाईनला घाबरत नाही.


लोखंडीपेटी

दादा, फाईल परत येते त्याचं आधी सांगतो, कारण त्यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कार्डाच्या पोटात नुसती मेमरी नसते, एक बारका कंट्रोलर असतो. कुठला डेटा आत कुठल्या जागी ठेवायचा, खराब झालेल्या जागेच्या बदल्यात राखीव जागा कुठली द्यायची हे सगळं तो बघतो. राखीव जागा संपली किंवा त्याचा स्वतःचा हिशोबच बिघडला की तो लिहिणं बंद करतो. काही कार्डं तेव्हा सरळ एरर देतात, काही नुसतंच हो म्हणतात आणि आलेला डेटा टाकून देतात. तुमचं दुसऱ्या जातीचं. लॅपटॉपला फाईल गेलेली दिसली कारण तो स्वतःच्या रॅममधली प्रत दाखवत होता, कार्ड काढून लावल्यावर खरं काय ते दिसलं. ते कार्ड आता फक्त वाचायच्या कामाचं, त्यातून जुना डेटा काढून घ्या आणि टाकून द्या.

आता ते का मरतं. फ्लॅश मेमरीत लिहिताना लहान लहान पानांवर लिहिता येतं, पण पुसताना अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पाटीवर एक अक्षर चुकलं तर बोटानं तेवढंच पुसता येतं ना, इथं तसं नाही, पाटी पुसायची तर पूर्ण. म्हणून एक ओळ बदलायची असली तरी कंट्रोलर बाकीचा चांगला मजकूर उचलून दुसरीकडं नेतो आणि मग जुनी पाटी पुसतो. प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसता येईल याला मर्यादा आहे, आजकालच्या स्वस्त मेमरीत ती हजारांत असते, लाखांत नाही. तुमची स्क्रिप्ट दर १० सेकंदाला म्हणजे दिवसाला ८,६४० ओळी टाकते. ओळ असेल पन्नास-साठ बाईटची, पण एसक्यूलाईट प्रत्येक कमिटला (ओळ पक्की करताना) आधी जर्नल फाईल, म्हणजे सुरक्षेसाठीची नोंद, लिहितं, ती कार्डावर पोचली याची खात्री करतं, मग मूळ फाईल लिहितं, परत खात्री करतं, मग जर्नल उडवतं, आणि खाली ईएक्सटी४ ही फाईल सिस्टीम स्वतःचं जर्नल लिहितं ते वेगळंच. सिस्टीमचे लॉग, स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की वापरायची जागा) हे अजून धरलंच नाही. पन्नास बाईटसाठी कार्डाला दिवसभर धावपळ.

आणि लाईट जाण्यानं काय होतं तर कंट्रोलर आतल्या आत पाट्या हलवत असताना मधेच वीज गेली की जो डेटा तुम्ही लिहीतही नव्हता तोसुद्धा खराब होऊ शकतो. लोक म्हणतात ईएक्सटी४ ला जर्नल आहे मग का बिघडतं, तर ते जर्नल वरच्या मजल्यावरचं, घोटाळा तळघरात झालेला असतो, वरच्याला पत्ता नसतो. त्यामुळं कुठलं कार्ड घेऊ हा प्रश्न बाजूला ठेवा. कार्डावर लिहिणं थांबवा, साधं कार्डही वर्षानुवर्षं चालेल.

अल्पाईन लिनक्स यासाठी अगदी योग्य आहे, त्यांच्याकडं डिस्कलेस मोड म्हणून प्रकार आहे. मसल नावाच्या सी लायब्ररीवर आणि बिझीबॉक्स नावाच्या छोट्या कमांडसंचावर बांधलेली बारकी सिस्टीम, बूट होताना सगळी रॅममध्ये येते, कार्ड फक्त वाचण्यासाठी माऊंट राहतं. पाय साठीची टार फाईल त्यांच्या साईटवरून घ्या, कार्डाला एक फॅट३२ पार्टिशन करा, फाईल त्यात उघडा, कार्ड बोर्डात घाला, बास. पाय ३ ला एआर्च६४ (६४-बिट) वाली घ्या. रूट म्हणून लॉगिन होऊन सेटअप-अल्पाईन चालवा, कॉन्फिग कुठं ठेवायचं विचारेल तिथं कार्डाचं नाव द्या, पॅकेजची कॅशही कार्डावरच द्या, म्हणजे पुढच्या बूटला इंटरनेट नसलं तरी पायथन वगैरे तिथूनच चढेल.

मग सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही जे काही बदलाल ते रॅममध्ये असतं, एलबीयू (अल्पाईनचं बदल जपून ठेवायचं साधन) कमिट म्हटल्याशिवाय कार्डावर जात नाही. कमिट केलं की ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधले बदल एका छोट्या टार फाईलमध्ये बांधून कार्डावर ठेवले जातात, तेवढ्यापुरतं कार्ड लिहिण्यासाठी उघडतं आणि परत बंद होतं. लक्षात ठेवा, आपोआप फक्त ईटीसी येतं. होम फोल्डरमध्ये किंवा ऑप्टमध्ये स्क्रिप्ट ठेवली असेल तर एलबीयू इन्क्लुड करून तो रस्ता एकदा सांगावा लागतो, नाहीतर लाईट गेली की स्क्रिप्टही गेली. एलबीयू स्टेटस मारलं की काय सेव्ह व्हायचं राहिलंय ते दिसतं, प्रत्येक वेळी उठताना मारायची सवय लावा.

अजून दोन ठिकाणी अडकाल. आयटूसी (सेन्सर जोडायच्या तारांची पद्धत) चालू करायची ओळ कॉन्फिग फाईलमध्ये न घालता युजरसीएफजी नावाची टेक्स्ट फाईल करून त्यात घाला, आणि आयटूसी-डेव्ह हे मॉड्यूल ईटीसीमधल्या मॉड्यूल्स फाईलमध्ये लिहा. दुसरं म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या. पाय साठी तयार मिळणारी पिपची (पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड) पॅकेजेस बहुतेक जीलिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीवर बांधलेली असतात, अल्पाईनवर मसल आहे, ती चालत नाहीत आणि मग पिप सगळं बोर्डावरच कंपाईल करत बसतं. नमपायसारखं काही लागत असेल तर एपीकेनंच (अल्पाईनची पॅकेजेस टाकणारी कमांड) घाला, तयार मिळतं.


निळीवायर

लोखंडीपेटी दादांचं कारण शंभर टक्के बरोबर, पण उपाय सांगताना माझं मत थोडं वेगळं आहे. वेलमांडव दादा, तुमची चालू स्क्रिप्ट, चालू लायब्रऱ्या, डोंगलचं सेटिंग हे सगळं आत्ता ज्या सिस्टीमवर बसलंय तिथंच ठेवूनही कार्डावरचं लिहिणं बंद करता येतं. रास्पी-कॉन्फिग उघडा, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाईल सिस्टीम आहे, ती चालू करा, बूट पार्टिशन राईट-प्रोटेक्ट करू का विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कार्ड फक्त वाचलं जातं आणि होणारा प्रत्येक बदल रॅममधल्या थरावर होतो, रीबूट केलं की तो थर पुसला जातो.

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं शोधायचा एक डबा मी असाच बसवलाय, पाय ३ च आहे. तिथल्या ग्रंथपाल मावशी संध्याकाळी जाताना सरळ मेन स्विच बंद करतात, शटडाऊन वगैरे काही नाही, आणि मी त्यांना ते शिकवायलाही गेले नाही कारण ते काम यंत्राचं आहे, मावशींचं नाही. तीन वर्षं झाली, कार्ड तेच.

ओव्हरलेचा त्रास एकच, अपडेट. ओव्हरले बंद करा, रीबूट करा, अपडेट करा, ओव्हरले चालू करा, परत रीबूट. विसरून ओव्हरले चालू असतानाच अपडेट मारलं तर ते सगळं रॅममध्ये जातं आणि रॅम भरून बोर्ड गुदमरतो. लॉगचंही तेच, जर्नलडीला (सिस्टीमचे लॉग ठेवणारा) स्टोरेज व्होलटाईल, म्हणजे फक्त रॅममध्ये, सांगा आणि कमाल २० एमबी घालून द्या, नाहीतर महिना दीड महिन्यानं विनाकारण हँग होईल आणि तुम्हाला वाटेल परत कार्ड गेलं. स्वॅप फाईल बंदच करा.

पण मला खरं बोलायचंय ते तुमच्या आकड्यांबद्दल. सिस्टीम रॅममध्ये नेली तरी डेटा कुठंतरी लिहावाच लागणार, मग दर १० सेकंदाला कशाला? माझ्या माहेरीही द्राक्षं आहेत, नाशिककडं. डाऊनीसाठी बघायचं असतं पान सलग किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळात तापमान काय होतं. तिथं १० सेकंदाचा आकडा काय कामाचा? १० सेकंदाला वाचा हवं तर, पण ते रॅममध्ये साठवा, दर १० मिनिटाला एक सरासरी काढा, दिवसाच्या १४४ ओळी होतात, त्या तासातून एकदा पेन ड्राईव्हवर लिहा. म्हणजे लिहिणं दिवसाला २४ वेळा. फार तर तासाभराचा डेटा जाईल, आणि तोही मोबाईलवर मेसेजमध्ये आलेलाच असेल. आधी हे ठरवा की किती वेळाचा डेटा गेला तर तुम्हाला चालतो, ते ठरलं की बाकीचं सोपं आहे.

पेन ड्राईव्हवर एसक्यूलाईटही नको, रोजची एक साधी सीएसव्ही फाईल करा, उघडा, ओळी जोडा, सिंक करा, बंद करा. एखाद्या दिवशीची फाईल खराब झाली तर तेवढा एक दिवस जाईल, वर्षाची बाग जाणार नाही.


जुनाराऊटर

हा धागा वाचून फार बरं वाटलं, जुने दिवस आठवले. मी २००९ पासून काही वर्षं एका तालुक्याच्या गावात केबल इंटरनेट चालवायचो. गच्च्यांवर, जिन्याखाली, एका ठिकाणी तर पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर आमचे छोटे राऊटर होते. पीसी इंजिन्स म्हणून स्वित्झर्लंडची कंपनी अ‍ॅलिक्स नावाचे बोर्ड बनवायची, एएमडी जिओड ५०० मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, तीन लॅन पोर्ट, पंखा नाही, आणि कडेला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची खाच. त्यावर आम्ही मोनोवॉल चालवायचो, मॅन्युएल कॅस्परनं फ्रीबीएसडीवर बांधलेलं फायरवॉल. अख्खी सिस्टीम बूट होताना मेमरीत चढायची आणि सगळं कॉन्फिग एका एक्सएमएल फाईलमध्ये, ती फाईल कार्डावर कधी लिहिली जायची तर सेटिंग बदलून सेव्ह दाबलं तेव्हाच. २०१५ मध्ये त्यांनी तो प्रकल्प थांबवला आणि बोर्डही आता बनत नाहीत, पण गिरणीतला डबा मी काढून आणला तेव्हा वर बोटभर पीठ साठलेलं आणि आतलं कार्ड ठणठणीत. २००९ चं कार्ड! माझ्या घरी अजून चालू आहे तो.

त्याच काळात फ्रीबीएसडीवाल्यांची अजून एक रीत होती, नॅनोबीएसडी. कार्डाचे दोन सारखे भाग करायचे, दोन्हीत पूर्ण सिस्टीम, आणि एक तिसरा छोटा भाग कॉन्फिगसाठी. अपडेट करताना चालू भागाला हात लावायचा नाही, दुसऱ्या भागात नवीन सिस्टीम लिहायची आणि पुढचं बूट तिकडून. बिघडलं तर पहिला भाग आहेच. गच्चीवर शिडी लावून जावं लागायचं तिथं या रीतीनं मला कित्येकदा वाचवलंय. तुम्हाला अल्पाईनवर साधारण असंच हवं असेल तर एलबीयूच्या कॉन्फिगमध्ये बॅकअप लिमिट नावाची ओळ आहे, तिला ३ द्या, म्हणजे जुन्या तीन कॉन्फिग फायली कार्डावर राहतात आणि एलबीयू रिव्हर्ट करून मागं जाता येतं. फॅट३२ ला जर्नल नसतं, ऐन कमिट करताना लाईट गेली तर हीच जुनी फाईल उपयोगी पडते. आणि सगळं नीट चालायला लागलं की त्याच कार्डाची दुसरी प्रत करा, पुडीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीनं लावून ठेवा. रात्री अकराला बॅटरी घेऊन बागेत जाल तेव्हा माझी आठवण काढाल.

आता विजेचं. कार्ड जातं ते फक्त लाईट जाण्यानं नाही, व्होल्टेज पडण्यानंही जातं. एकाच खोलीत थ्री फेज मोटार आहे म्हणता, ती सुरू होताना व्होल्टेज दणकन खाली येतं, हलका मोबाईल चार्जर लावला असेल तर तो ५ व्होल्ट टिकवू शकत नाही. व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड ही कमांड आत्ताच्या सिस्टीमवर मारून बघा. उत्तर शून्य आलं तर ठीक, ५ आणि पुढं चार शून्यं आली तर बूट झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडलीय असं समजा.

तुमच्याकडं फवारणीच्या बॅटरी पंपाची जुनी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी पडली असेल, बहुतेक शेतकऱ्यांकडं असते. ती ९६ वॅट-तास झाली, लेड अ‍ॅसिड अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये म्हणून ४८ धरा. पाय आणि डोंगल मिळून ४ वॅट धरले आणि मधे १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये थोडं वाया गेलं तरी दहाएक तास निघतात. फक्त पंपाबरोबर आलेला चार्जर कायमचा लावून ठेवू नका, तो भरल्यावर थांबेलच असं नाही, बॅटरी फुगते. छोटं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर लावलात तर मेन लाईनशी संबंधच राहणार नाही, आणि मोटारीच्या फेजची कटकट मुळातूनच संपेल.


मेमरीकार्डवाला

एक छोटी भर. मी मोबाईल-कॅमेऱ्याचं सामान विकतो. कार्ड कुठलंही घ्या पण घरी आणल्यावर आधी एफ३ नं तपासा, एफ३राईट आणि मग एफ३रीड, लिनक्सवर फुकट मिळतं. बनावट कार्डात आत ८ जीबी मेमरी असते आणि कंट्रोलरला ६४ सांगायला शिकवलेलं असतं, ८ जीबी भरेपर्यंत काही कळत नाही, त्यानंतर नवीन डेटा जुन्यावर बसायला लागतो नाहीतर हवेत जातो. छापील पाकीट, होलोग्राम यावरून ओळखता येत नाही, मला २० वर्षांत नाही जमलं, तपासूनच कळतं. पाकिटावर ए१, ए२ लिहिलेलं असतं ते वेगाबद्दल असतं, टिकण्याबद्दल नाही. टिकाऊ म्हणजे हाय एन्ड्युरन्स लिहिलेली, गाडीतल्या आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी असतात ती. पण तीही व्हिडिओसारखं सलग लिहायला बनवलेली, वरच्या ताईंनी सांगितलं तसं लिहिणंच कमी करा.


वेलमांडव (तासगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईनं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. गेट थ्रॉटल्ड मारलं, राऊटर दादा म्हणाले तेच, ५ आणि चार शून्यं. चार्जर माझ्या जुन्या मोबाईलचा होता.

नीट विचार करून अल्पाईन घ्यायचं ठरवलं. ताई, तुमचा ओव्हरलेचा मार्ग सोपा आहे हे पटलं, पण माझी स्क्रिप्ट छोटी आहे, नमपाय वगैरे काही नाही, आणि काय सेव्ह झालंय काय नाही हे एका कमांडनं दिसणं मला आवडलं. सरासरीचं मात्र तुमचंच घेतलंय. काल बसवलं, चालू झालं, एलबीयू कमिट केलं, आनंदानं प्लग उपटला, परत लावला तर सिस्टीम आली, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी काम चालवायची यादी) आला, आणि स्क्रिप्टच नाही! ऑप्टमध्ये ठेवली होती, इन्क्लुड करायची राहिली. लोखंडीपेटी दादांनी एवढं सांगूनही. परत टाकली, इन्क्लुड केलं, आता येते.

एक नवीन अडचण आलीय. लाईट गेली-आली की घड्याळ चुकतं. डोंगलला नेटवर्क धरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर बोर्डाला आपण कुठल्या तारखेत आहोत ते कळत नाही, आणि पहिल्या काही ओळींना भलतीच वेळ पडते. एकदा तर मेसेजच जाईना, सर्टिफिकेटची तारीख चुकीची म्हणून. याला काय करायचं? आणि ती एलबीयूची टार फाईल जेमतेम काही केबीची आहे, बॅकअप म्हणून भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवली तर चालेल ना?


लोखंडीपेटी

व्हॉट्सअ‍ॅपवर नको दादा. त्या फाईलमध्ये अख्खं ईटीसी आहे, म्हणजे पासवर्डचे हॅश, एसएसएचच्या चाव्या, वायफायचा पासवर्ड सगळं आलं. घरी पेन ड्राईव्हवर ठेवा.

घड्याळाचं कारण म्हणजे पाय ३ वर बॅटरीवालं घड्याळच नाही, लाईट गेली की वेळ गेली. डीएस३२३१ नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, तुमच्या बीएमई२८० च्याच आयटूसी तारांवर बसतं, पत्ता वेगळा असल्यामुळं दोघांचं भांडण होत नाही. युजरसीएफजीमध्ये आयटूसी-आरटीसीचा ओव्हरले डीएस३२३१ नावानं घाला, मग बूटमधून एसडब्ल्यूक्लॉक सर्व्हिस काढा आणि एचडब्ल्यूक्लॉक घाला, एलबीयू कमिट. क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा) चालू ठेवा, नेट आलं की तो वेळ दुरुस्त करत राहील.

मॉड्यूल घेताना एक बघा. मोठ्या निळ्या बोर्डावर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे, आणि विकताना त्यात साधा सीआर२०३२ घालून देतात. ५ व्होल्टला जोडलं तर साधा सेल चार्ज होत राहतो आणि फुगतो. तुम्ही ३.३ व्होल्टच्या पिनला जोडा, तिथं चार्ज होण्याइतकं व्होल्टेज उरत नाही. किंवा पाय साठीच बनवलेलं बारकं मॉड्यूल घ्या, त्यात ते सर्किटच नसतं.


निळीवायर

आणि स्क्रिप्टमध्ये एक अट घाला, सिस्टीमचं वर्ष चालू वर्षापेक्षा मागचं दिसत असेल तर ओळ लिहायचीच नाही, थांबायचं. घड्याळाचा सेल कधीतरी संपणारच, तेव्हा चुकीच्या वेळेचा आकडा असण्यापेक्षा आकडा नसलेला बरा, कारण नसलेला निदान दिसतो.


वेलमांडव (तासगाव)

तीन आठवड्यांनी लिहितोय. घड्याळ बसवलं, ३.३ व्होल्टला. ताईंची वर्षाची अट घातली. राऊटर दादांनी सांगितल्याप्रमाणं बॅटरी पंपाची जुनी बॅटरी, २० वॅटचं पॅनल आणि चार्ज कंट्रोलर, चार्जर फेकून दिला. बॅकअप लिमिट ३ केलं, कार्डाची दुसरी प्रत सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घालून झाकणाला आतून लावलीय. नवीन कार्ड १६ जीबीचं साधंच घेतलं, एफ३ नं तपासून.

बॅटरी जोडायच्या आधी मुद्दाम एक संध्याकाळ बसलो आणि ४० वेळा प्लग उपटला. कधी बूट होताना, कधी मेसेज जाताना, कधी पेन ड्राईव्हवर लिहिताना. धाकटी पोरगी वहीत रेघा मारत होती. ४० पैकी ४० वेळा वर आलं. पेन ड्राईव्हवरच्या त्या दिवशीच्या फाईलमध्ये दोन ओळी अर्धवट सापडल्या, बाकी सगळं नीट.

काल रात्री इकडं परत पाऊस झाला. साडेनऊला लाईट गेली, अकराला आली, एकला परत गेली ती सकाळपर्यंत. पहाटे पाचला मोबाईल बघितला. पान रात्री पावणेदहापासून ओलं, दर १० मिनिटाला एक ओळ, मधे एकही भोक नाही. आत्ता फवारणी घेऊन आलोय, हात धुतले आणि पहिलं हे लिहायला बसलो.

शेजारच्या आबांच्या बागेतही बसवायचंय, त्यांच्याकडं पाय पहिला बी आहे, ५१२ एमबीचा, पोराचा पडून असलेला. त्यावर हेच चालेल का?


लोखंडीपेटी

चालेल. फक्त एआर्च६४ नको, त्याचा प्रोसेसर जुना आर्म व्ही६ आहे, अल्पाईनची आर्मएचएफ वाली घ्या. ५१२ एमबीत तुमच्या स्क्रिप्टला जागा भरपूर होते. आणि त्याला मोठं एसडी कार्ड लागतं, मायक्रो असेल तर अ‍ॅडॉप्टर घट्ट बसतोय ना तेवढं बघा, सैल असला की कार्ड खराब नसतानाही बूट होत नाही.